दारू तुटलेल्या रुग्णाला गुंगीचं औषध : आधी मोजायचं, मग द्यायचं

"लिब्रियम २५, एक-एक-दोन, पाच दिवस." दारू अचानक बंद झालेल्यांसाठी गुंगीच्या गोळ्यांची ही ऑर्डर मी किती केस पेपरांवर लिहिली असेल, त्याचा हिशोब नाही. खानदेशातल्या वॉर्डांत काही वर्षं काम केलं की ती हाताला इतकी सवयीची होते की रुग्ण नीट पाहण्याआधीच पेन चालू लागतं. एका रात्री शेजारच्या दोन खाटांवर हीच ऑर्डर होती. एका खाटेवर सत्तरीचे, बारीक अंगाचे, दम्याचा जुना त्रास असलेले आप्पा. दुसरीवर पस्तिशीचा तरुण, मांडीचं हाड मोडून आलेला, रोज एक खंबा रिचवणारा. सकाळी आप्पा हाकेला उठेनात, छातीत घरघर, रात्रीची खिचडी फुप्फुसात गेलेली. तरुण मात्र खाटेच्या कठड्याला बांधलेला, घामाने निथळत, छतावरच्या पंख्याला शिव्या देत होता. दोघेही वाचले. पण आप्पांचे पुढचे नऊ दिवस ऑक्सिजनवर गेले, आणि त्याला कारण औषध नव्हतं, माझी ऑर्डर होती. आप्पांना बहुधा त्यातली एकही गोळी लागली नसती. तरुणाला ती पहिल्या दोन तासांतच पुरी पडली नसती.

हा लेख त्या ऑर्डरच्या जागी काय करायचं याबद्दल आहे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातले मेडिकल ऑफिसर, सिस्टर, इंटर्न, खाजगी दवाखान्यातले फिजिशियन यांच्यासाठी तो लिहिला आहे. घरचे कुणी वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगतो: वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरी एका झटक्यात बंद करू नका, आणि मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. त्याला दवाखान्यात आणा.

आत काय घडतं

दारू रोज मेंदूला दाबून धरते. तोल राखण्यासाठी मेंदू उलटा जोर लावतो: शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेचा प्रतिसाद मंदावतो, उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटची यंत्रणा वाढते. दारू अचानक थांबली की दाबणारा हात निघतो आणि उलटा जोर तेवढा उरतो. थरथर, घाम, धडधड, झोप न लागणं, झटके, भास, हे सगळं त्या उरलेल्या जोराचं रूप आहे.

वेळापत्रक पाठ असायला हवं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरू लागतात. १२ ते २४ तासांत काहींना भास होतात, पण तेव्हा माणूस शुद्धीत असतो, आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. झटके बहुतेक ६ ते ४८ तासांत येतात. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे डीटी: ताप, घाम, वाढलेला रक्तदाब, पूर्ण गोंधळ. म्हणूनच हाड मोडून सोमवारी भरती झालेला माणूस बुधवारी-गुरुवारी रात्री 'अचानक वेडा झाला' असं नातेवाईक सांगतात. कुणी म्हणतं भगताकडे न्या, कुणी म्हणतं भूल दिली त्याचं झालं. सोमवारी एक प्रश्न विचारला असता तर हे आधीच दिसलं असतं.

कमी औषधाला आधार काय

१९९४ साली बोस्टनमध्ये झालेल्या अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला ठरावीक वेळेला क्लोरडायझेपॉक्साइड (म्हणजेच लिब्रियम), दुसऱ्याला लक्षणांचे गुण मोजून लागेल तेव्हाच. ठरावीक वेळेच्या गटाला मध्यकाच्या हिशोबाने ४२५ मिलिग्रॅम औषध लागलं आणि उपचार ६८ तास चालले. मोजून देण्याच्या गटात १०० मिलिग्रॅम आणि ९ तास. त्रास मात्र जास्त झाला नाही. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या अभ्यासात ऑक्साझेपाम वापरलं होतं. मोजून देण्याच्या गटातल्या फक्त ३९ टक्के रुग्णांना औषधाची गरजच पडली, आणि सरासरी मात्रा २३१ ऐवजी ३७.५ मिलिग्रॅम होती.

हे आकडे पाहून आनंद होतो, पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. बोस्टनच्या अभ्यासात पूर्वी झटके आलेले रुग्ण घेतले नव्हते, आणि तिथले रुग्ण संमती देण्याइतके शुद्धीवर होते. आपल्या वॉर्डात न्यूमोनिया, टीबी, कावीळ, स्वादुपिंडाची सूज, मोडलेलं हाड अशा कारणांनी आलेला माणूस असतो. दारू ही त्याची दुसरी ओळख. त्यामुळे ही पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही. पुढच्या पायऱ्या त्या हिशोबानेच लिहिल्या आहेत.

पायरी १ : भरतीच्या वेळीच विचारा

"दारू पिता का?" या प्रश्नाला बायकोसमोर, भावासमोर "कधीमधी" हेच उत्तर येतं. प्रश्न बदला. "शेवटचं कधी घेतलं? काल किती वाजता?" असं सरळ, आवाजात आरोप न आणता विचारलं की बहुतेक जण खरं सांगतात. वेळ केस पेपरच्या पहिल्या पानावर, वर, ठळक लिहा. पुढच्या चार दिवसांचं सगळं गणित त्या वेळेवरून चालतं.

मग प्रमाण. आपल्याकडे लोक मिलिलिटरमध्ये बोलत नाहीत. नव्वद, क्वार्टर, हाफ, खंबा असं बोलतात. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. सातपुड्यातल्या मोहाच्या दारूचं किंवा हातभट्टीचं असं गणित होत नाही. तिथे "दिवसात किती वेळा, आणि सकाळी उठल्या उठल्या लागते का" हा प्रश्न जास्त उपयोगी. सकाळी हात थरथरतात म्हणून घोट लागणारा माणूस म्हणजे विथड्रॉवल, दारू तुटल्याचा त्रास, रोज सकाळी अनुभवणारा माणूस. हातभट्टी प्यायलेला रुग्ण "धूसर दिसतंय" म्हणाला आणि श्वास खोल-जलद चालला असेल तर आधी मिथेनॉलचा, म्हणजे विषारी दारूचा, विचार करा. ती वेगळी आणि जास्त घाईची गोष्ट आहे.

मग धोका ठरवा. पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती का? 'बडबड' झाली होती का? व्यसनमुक्ती केंद्रात किती वेळा गेले? पिऊन काय केलं ते आठवत नाही असं होतं का? झोपेच्या गोळ्या किंवा दुसरी नशा सोबत चालते का? आल्या आल्याच नाडी १२० च्या वर, हात थरथरताहेत, घाम आहे का? 'पॉज' नावाची दहा गुणांची यादी याच प्रश्नांची आहे. ४ किंवा जास्त गुण म्हणजे विथड्रॉवल अवघड जाण्याचा धोका मोठा. यादी हाताशी नसली तरी पूर्वीची फिट आणि पूर्वीचा डीटी हे दोन प्रश्न कधीही सोडू नका. ज्याला एकदा डीटी झाला, त्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते.

पायरी २ : हे खरंच दारूचंच आहे का

इथे मला थांबायचंय, कारण कमी गुंगीच्या उपचारातली सर्वांत मोठी बचत याच पायरीवर होते. गोंधळलेल्या दारुड्याला (वॉर्डात हाच शब्द चालतो, तो थांबवायला हवा) प्रत्येक वेळी बेन्झोडायझेपाइनच (लिब्रियमच्या जातीचं गुंगीचं औषध) लागतं असं नाही. आधी ग्लुकोमीटरवर साखर. मग ताप, ऑक्सिजन, डोक्याला मार लागल्याची खूण. पिऊन पडलेल्या माणसाच्या कवटीत हळूहळू रक्त साठत असतं आणि आपण तिसऱ्या दिवशी त्याला लिब्रियम देत असतो.

हात पुढे करायला लावून पाहा. बोटं पसरल्यावर बारीक, जलद थरथर असेल तर दारू तुटल्याची. मनगट वर उचलून धरल्यावर हात मधूनच खाली पडत असेल, डोळे पिवळे, पोट फुगलेलं, माणूस उत्तेजित नसून सुस्त, तर तो यकृताचा गोंधळ. त्याला गुंगीचं औषध दिलं तर तो आणखी खोल जाईल.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. शेतातून उचलून आणलेला, अंग तापलेला, बरळणारा माणूस उष्माघाताचा असू शकतो, दारूचा असू शकतो, दोन्हीचाही असू शकतो. अशा वेळी थर्मामीटर काखेत ठेवून समाधान मानू नका. शक्य असेल तर गुदमार्गाचं तापमान घ्या, आणि ४० च्या वर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी अंग थंड करा.

दुसरी खास आपल्या कपाशीच्या पट्ट्यातली अडचण: दारूच्या नशेत फवारणीचं औषध प्यायलेला शेतकरी. त्याला अॅट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, चालू असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो हवेतले धागे ओढू लागतो. अॅट्रोपिन जास्त झालं की डीटी? दोन्हीत नाडी वेगात, बाहुल्या मोठ्या, अंग गरम. काखेत हात घाला. कातडी कोरडी, तोंड कोरडं, पोटात आतड्यांचा आवाज नाही, लघवी अडलेली, तर अॅट्रोपिनचा वेग कमी करायची वेळ आली आहे. अंग घामाने ओलं आणि हात थरथरत असतील तर डीटीकडे झुका, मात्र विष अजून उतरलेलं नसेल तर घाम त्याचाही असतो, म्हणून बाहुल्या आणि छातीतला स्राव पाहिल्याशिवाय ठरवू नका.

पायरी ३ : थायमिन, पाणी, क्षार

ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन. दारू पिणाऱ्याच्या शरीरात ब१ जीवनसत्त्व जवळजवळ संपलेलं असतं. त्यावर नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलेलंही खर्च होतं आणि वर्निकेचा आजार, म्हणजे ब१ अभावी मेंदूला होणारी इजा, उघडा पडतो. साखर खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोजला उशीर करायचा नाही. दोन्ही एकाच वेळी द्या.

धोक्यातल्या, न जेवणाऱ्या प्रत्येकाला रोज १०० ते २५० मिलिग्रॅम थायमिन शिरेतून किंवा स्नायूत, तीन ते पाच दिवस. गोळी सुरुवातीला पुरत नाही, कारण खराब झालेल्या आतड्यातून ती नीट शोषली जात नाही. गोंधळ, चालताना झोक जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं यातलं एक जरी दिसलं तरी वर्निके समजा आणि ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १०० मिली सलाइनमधून अर्ध्या तासात, दोन-तीन दिवस द्या. मग २५० वर या. तिन्ही लक्षणं एकत्र दिसण्याची वाट पाहणारे डॉक्टर बहुतेक रुग्ण गमावतात, कारण तिन्ही एकत्र थोड्याच जणांत दिसतात. थायमिन स्वस्त आहे, त्याचा धोका नगण्य आहे. या एका इंजेक्शनात कंजूषी करताना मी पाहिलंय आणि त्याचा मला अजूनही राग येतो.

पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट तपासा आणि कमी असेल ते भरा. मॅग्नेशियम खाली असेल तर पोटॅशियम कितीही भरलं तरी वर येत नाही. रावेर-यावलकडचे नातेवाईक केळी घेऊन येतातच. रुग्ण पूर्ण जागा असेल तर जरूर खाऊ द्या, पण रिपोर्टमधलं २.६ चं पोटॅशियम केळ्याने भरत नाही. सोडियम कमी असेल तर ते हळू वाढवा, २४ तासांत ८ पेक्षा जास्त नको. आणि पोटात पाणी झालेल्याला सवयीने तीन बाटल्या लावू नका.

पायरी ४ : गुण मोजायला शिका

दारू तुटल्याचा त्रास मोजायची जगभर चालणारी पट्टी म्हणजे सिवा-एआर (CIWA-Ar). १९८९ पासून ती याच रूपात वापरात आहे. दहा गोष्टी पाहायच्या: मळमळ-उलटी, थरथर, घाम, घालमेल, अस्वस्थ हालचाल, कातडीवरचे भास, कानाचे भास, डोळ्यांचे भास, डोकं जड होणं किंवा दुखणं, आणि भान. पहिल्या नऊंना ० ते ७, भानाला ० ते ४, एकूण ६७. आठच्या खाली सौम्य, ८ ते १५ मध्यम, १५ च्या वर तीव्र. सवय झाली की दोन ते पाच मिनिटांत होते.

अडचण मोजण्यात नाही, विचारण्यात आहे. मूळ प्रश्न इंग्रजीतले आहेत. त्यांचं पुस्तकी मराठी केलं तर चोपड्याचा म्हातारा नुसता पाहत राहतो. "स्पर्शाचे विभ्रम होतात का" असं विचारून काय कळणार? आम्ही प्रश्न वॉर्डातल्या मावशींकडून बोलून घेतले. "जिभाऊ, आंगवर मुंग्या चाली ऱ्हायन्यात असं वाटस का?" "काय व्हई ऱ्हायनं तुम्हले?" "आते आपण कोठे शेतस?" अहिराणीत विचारल्यावर तोच माणूस लगेच सांगतो की भिंतीवरून लाल किडे उतरताहेत. धडगाव-मोलगीच्या रुग्णाला मराठी अर्धवट समजते. तिथे पावरी किंवा भिली बोलणारा कर्मचारी किंवा नातेवाईक नसेल तर भानाचा गुण चुकतोच. भाषा न समजल्यामुळे आलेलं 'चुकीचं उत्तर' म्हणजे गोंधळ नव्हे, पण चार्टवर ते तसंच उतरतं आणि रुग्णाला नको असलेली मात्रा मिळते.

प्रत्येक गोष्ट कशी पाहायची हे एकत्र ठरवा. थरथर: हात पुढे, बोटं पसरून, मोजा; दिसत नसेल तर बोटांच्या टोकांना आपलं बोट लावून पाहा. घाम: कपाळ आणि तळहात. उन्हाळ्यात वॉर्डातले सगळेच घामेजलेले असतात, म्हणून शेजारच्या रुग्णाचा तळहातही पाहा. घालमेल: "मनात धाकधूक होते का?" भास: दिसतंय का, यासोबत त्याची भीती वाटते का हेही. वार्धक्याची जुनी थरथर असेल तर नातेवाईकाला विचारा, "हे आधीपासून आहे का?"

दोन सिस्टरांनी एकाच रुग्णाचे गुण वेगवेगळे मोजावेत आणि मग पडताळावेत. पहिल्या आठवड्यात फरक मोठा निघतो, आणि तो निघायलाच हवा; त्यावर बोलूनच हात बसतो. ४० खाटांवर रात्री एकच सिस्टर असेल तर दहा गोष्टींची पट्टी तासातासाला भरणं होत नाही. तिथे छोटी पट्टी घ्या. ग्लासगोमध्ये वापरली जाणारी पट्टी थरथर, घाम, भास, भान, अस्वस्थता अशा पाचच गोष्टींची आहे, प्रत्येकाला ० ते २. पण एका वॉर्डात एकच पट्टी ठेवा. सकाळी एक, रात्री दुसरी असं झालं की आकड्यांना अर्थ उरत नाही. आणि बोलू न शकणाऱ्या, नळी घातलेल्या किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाला सिवा लावूच नका. त्याच्यासाठी गुंगी आणि अस्वस्थता नुसतं पाहून मोजणारी आयसीयूतली रास (RASS) पट्टी.

पायरी ५ : औषध, मात्रा आणि दोन अटी

कुठलं औषध? यकृत ठीक असेल, वय फार नसेल, श्वास चांगला असेल तर लांब टिकणारं: डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड. ते आपोआप हळू उतरतं. कावीळ, जलोदर, उतारवय, दमा-सीओपीडी असेल तर लोराझेपाम. यकृतात त्याचं विघटन सोप्या वाटेने होतं आणि ते साठत नाही. लोराझेपामच्या इंजेक्शनला फ्रीज लागतो. लोडशेडिंगमध्ये बंद पडलेल्या फ्रीजमधली, मे महिन्यात टेबलावर पडून राहिलेली अँपूल वापरू नका. डायझेपाम स्नायूत देऊ नका, ते कसंही शोषलं जातं. शीर मिळत नसेल तर लोराझेपाम स्नायूत चालतं. ढोबळमानाने डायझेपाम १० मिलिग्रॅम, क्लोरडायझेपॉक्साइड २५ आणि लोराझेपाम १ बरोबरीचे धरा.

आठच्या खाली गुण: औषध नाही. चार ते आठ तासांनी पुन्हा मोजा. सलग २४ तास आठच्या खाली राहिले आणि धोका कमी असेल तर मोजणं थांबवा.

८ ते १५: क्लोरडायझेपॉक्साइड २५ ते ५० मिलिग्रॅम, किंवा डायझेपाम १०, किंवा लोराझेपाम १ ते २, तोंडाने. एक तासाने पुन्हा मोजा.

१५ च्या वर: क्लोरडायझेपॉक्साइड ५० ते १००, किंवा डायझेपाम २०, किंवा लोराझेपाम २ ते ४. डॉक्टरांना फोन. एक तासाने पुन्हा मोजा, शिरेतून दिलं असेल तर त्याहून लवकर.

वयस्कर किंवा यकृत बिघडलेल्या रुग्णाला यातली खालची मात्रा, किंवा तिच्याही अर्ध्याने सुरुवात.

आता दोन अटी, आणि त्या न पाळता ही पद्धत सुरू करण्यापेक्षा न करणं बरं. पहिली: प्रत्येक मात्रेआधी रुग्णाला हाक मारून पाहायची, श्वास मिनिटभर मोजायचा, ऑक्सिजन पाहायचा. हाकेला डोळे उघडत नसेल किंवा श्वास १० च्या खाली असेल तर गुण काहीही असोत, मात्रा नाही, डॉक्टरांना बोलवायचं. दुसरी: तीन मात्रा लागोपाठ देऊनही गुण उतरत नसतील तर चौथी आपोआप द्यायची नाही. निदान पुन्हा पाहायचं, पायरी २ पुन्हा करायची, आणि खरंच विथड्रॉवल असेल तर आयसीयूचा विचार करायचा.

पूर्वी फिट किंवा डीटी झालेल्यांना फक्त गुणांवर सोडू नका. त्यांना आल्याबरोबर, गुण कमी असले तरी एक मात्रा द्या, मग मोजत राहा. तब्येतीने धडधाकट पण लक्षणं तीव्र असतील तर सुरुवातीला भरून देणं हाही चांगला मार्ग: डायझेपाम १० ते २० मिलिग्रॅम दर एक-दोन तासांनी, गुण आठच्या खाली येईपर्यंत किंवा हलकी झोप लागेपर्यंत. बऱ्याच जणांना त्यानंतर काही लागतच नाही, कारण औषध शरीरात दिवसभर हळूहळू उतरत राहतं. एकूण मात्रा ठरावीक ऑर्डरपेक्षा कमी होते, आणि तीही गरजेच्या वेळी पोचते.

आणि तुमच्या वॉर्डात रात्री मोजायला कुणी नसेलच तर? तर 'लागेल तेव्हा द्या' असं लिहून घरी जाऊ नका. न मोजता लागेल तेव्हा देणं म्हणजे आरडाओरडा होईल तेव्हाच देणं. तिथे ठरावीक मात्राच लिहा, पण वय, यकृत, श्वास पाहून कमी करून, रोज सकाळी पुन्हा ठरवून, "झोपेत असल्यास देऊ नये" हे ठळक लिहून.

फिट आली तर

कुशीवर वळवा, साखर पाहा, लोराझेपाम २ मिलिग्रॅम शिरेतून. १९९९ च्या एका अभ्यासात दारूमुळे आलेल्या फिटनंतर हे एक इंजेक्शन दिल्यावर सहा तासांत दुसरी फिट ३ टक्क्यांना आली. न दिलेल्यांत २४ टक्क्यांना. फेनिटॉइन या फिटच्या औषधाचा विथड्रॉवलच्या फिटवर उपयोग होत नाही, आधीपासून अपस्मार असेल तरच ते चालू ठेवा. पहिलीच फिट, एका बाजूची, ४८ तासांनंतरची, ताप किंवा डोक्याला मार असलेली फिट असेल तर सीटी केल्याशिवाय 'दारूचीच' म्हणू नका.

डीटी झाला तर

इथे मात्र कमी औषधाचा आग्रह धरू नका. उपचार नीट झाले तर आज डीटीतले मृत्यू ५ टक्क्यांच्या खाली आहेत. अर्धवट उपचारांत माणूस जातो. आयसीयू, मॉनिटर, शिरेतून डायझेपाम ५ ते १० मिलिग्रॅम दर ५ ते १५ मिनिटांनी, तो शांत पण हाकेला उठणारा होईपर्यंत. त्यानेही जमत नसेल तर फेनोबार्बिटल, पण श्वासाची नळी घालता येईल अशाच ठिकाणी. डेक्समेडेटोमिडीन नाडी आणि अस्वस्थता उतरवतं, पण फिट आणि डीटी रोखत नाही; ते एकटं देऊ नका. हॅलोपेरिडॉल एकटं तर मुळीच नको, ते फिटचा धोका वाढवतं. भास फारच भयंकर असतील तर बेन्झोडायझेपाइनसोबत, ईसीजी पाहून, थोडं. प्रोप्रानोलॉल-क्लोनिडीनही नाडी लपवतात आणि चार्ट फसवतात. आणि चुकून गुंगी जास्त झाली तर फ्लुमाझेनिलने ती उतरवायला जाऊ नका, या रुग्णांत त्याने फिट येऊ शकते.

आयसीयू तुमच्याकडे नसेल तर वेळेत पाठवा. धडगावहून घाट उतरून नंदुरबार गाठायला लागणारा वेळ धरूनच निर्णय घ्यायचा असतो. रात्री बारापर्यंत वाट पाहून पाठवलेला रुग्ण १०८ मध्येच बिघडतो. निघण्याआधी थायमिन द्या, पहिली मात्रा द्या, शीर पक्की बांधा, आणि चिठ्ठीवर शेवटच्या घोटाची वेळ, आतापर्यंतचे गुण, दिलेली प्रत्येक मात्रा आणि तिची वेळ लिहा. 'अल्कोहोलिक, इरिटेबल, रेफर्ड' एवढ्याच चिठ्ठीवर पुढच्या डॉक्टरांना काही करता येत नाही, आणि ते पुन्हा पहिल्यापासून औषध देतात.

औषधाशिवायचं औषध

खाट नर्सिंग स्टेशनजवळ. रात्री मंद दिवा चालू. पूर्ण अंधारात भास वाढतात. भिंतीवर घड्याळ. एकच नातेवाईक, तोही न बदलता, आणि त्याला आधी समजावून: "हे तीन-चार दिवस चालेल, तो शिव्या देतोय तो आजार बोलतोय, तुम्ही वाद घालू नका, तुम्ही कोण, आपण कुठे आहोत हे पुन्हा पुन्हा सांगा." पाणी, ताक, मऊ खिचडी. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं. हे सगळं लिहायला साधं वाटतं, पण आईच्या आवाजात अहिराणीत "माय शे ना आठे, घाबरू नको" ऐकल्यावर खाटेवरून उड्या मारणारा माणूस पाच मिनिटांत निजलेला मी पाहिलाय.

बँडेजने हातपाय बांधणं ही आपल्या वॉर्डांची फार जुनी वाईट सवय. बांधलेला माणूस ओढाओढ करतो, स्नायू मोडतात, ताप चढतो, उताणा असताना उलटी झाली तर ती छातीत जाते. बांधावंच लागलं तर काही मिनिटांपुरतं, औषध लागू होईपर्यंत, कुशीवर, कुणीतरी शेजारी उभं असताना, आणि वेळ लिहून.

वॉर्डात हे सुरू कसं करायचं

पूर्ण रुग्णालयात एकदम नको. एक वॉर्ड घ्या. ऑर्डरचा एक छापील कागद करा: गुण, मात्रा, दोन अटी, कधी बोलवायचं. त्यावर फिजिशियनची सही असू द्या, म्हणजे रात्री तीन वाजता सिस्टरना गोळी द्यायला कुणाला झोपेतून उठवावं लागणार नाही. माझ्या अनुभवात ही पद्धत फसते ती इथेच. डॉक्टर म्हणतात सिस्टर मोजत नाहीत. सिस्टर म्हणतात, मोजून आकडा आला तरी औषध देण्याचा अधिकार नाही, मग मोजायचं कशाला? अधिकार द्या, मोजणं सुरू होतं. गुणांचा रकाना टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टलाच जोडा. वेगळं रजिस्टर केलं तर ते कपाटात जातं.

महिन्याच्या शेवटी प्रत्येक रुग्णाचं बसून पाहा: एकूण किती औषध गेलं (डायझेपामच्या हिशोबात बदलून), पहिल्या आणि शेवटच्या मात्रेत किती तास, किती वेळा मोजणं चुकलं आणि कुठल्या पाळीत, फिट, डीटी, पडणं, छातीत जाणं, आयसीयूला हलवणं. औषध कमी झालं आणि फिट वाढल्या तर तुम्ही मोजण्यात कमी पडताय, पद्धत चुकीची नाही. सगळं कागदावर ठेवा आणि सिस्टरांसमोर मांडा. त्यांना आपल्या मेहनतीचं फळ दिसलं पाहिजे.

सुट्टी देताना

घरी महिनाभराची लिब्रियमची चिठ्ठी देऊ नका. आठच्या खाली गुण आल्यावर बहुतेकांना घरी एकही गोळी लागत नाही. दारूसोबत त्याच गोळ्या घेणारा रुग्ण पुढच्या वेळी श्वास थांबलेला येतो. थायमिनच्या गोळ्या चालू ठेवा. पुन्हा पिऊ नये म्हणून नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट यांचा विचार सुट्टीआधीच करा: यकृत फार बिघडलेलं असेल तर नाल्ट्रेक्सोन नको, मूत्रपिंड बिघडलं असेल तर अकॅम्प्रोसेट नको. डायसल्फिराम (यावर दारू घेतली की जोराचा त्रास होतो) रुग्णाला नकळत भाजीत मिसळून देण्याचा सल्ला काही घरांत फिरत असतो. त्याने माणूस मरू शकतो, हे घरच्यांना सांगूनच पाठवा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे दोन क्रमांक सुट्टीच्या कार्डावर हाताने लिहा.

आणि कार्डावर आणखी एक ओळ लिहा: या खेपेला सर्वाधिक गुण किती गेले, फिट आली का, एकूण किती औषध लागलं. तो माणूस पुन्हा येण्याची शक्यता आहे, कदाचित आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर), कदाचित हाड मोडून, कदाचित दुसऱ्याच तालुक्यात. तेव्हा समोरच्या डॉक्टरांकडे ती ओळ असेल.